काचेच्या हंडीतून येणारा आवाज

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक प्रयोग अनेकांना आठवत असेल. काचेच्या हंडीखाली विजेची घंटा ठेवायची आणि पंपाने हंडीतली हवा काढत जायची. घंटेवर टोल पडताना दिसत राहतात, पण आवाज क्षीण होत शेवटी ऐकूच येईनासा होतो. सिल्व्हिया प्लाथ या अमेरिकन कवयित्रीच्या 'द बेल जार' या एकमेव प्रकाशित कादंबरीचे नाव अशाच हंडीवरून आले आहे. तिथे हंडीच्या आत बसली आहे एक तरुण मुलगी. तिची धडपड आई, मित्र, डॉक्टर साऱ्यांना दिसते, पण आवाज कोणापर्यंत पोचत नाही. नैराश्य या आजारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा आवाज न पोचण्याचा भाग इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

कथानक थोडके आहे. १९५३ चा उन्हाळा. हुशार, शिष्यवृत्तीवर शिकणारी एस्थर ग्रीनवुड एका मासिकाच्या स्पर्धेत निवडून येते आणि आणखी अकरा मुलींबरोबर महिनाभर न्यूयॉर्कला राहते. मेजवान्या, कपडे, छायाचित्रे. सगळ्यांनी हेवा करावा असे दिवस. पण तिचे मन कशातच नाही. घरी परतल्यावर झोप जाते, वाचन जाते आणि लिहायला बसले तर अक्षर लहान मुलासारखे वेडेवाकडे उमटते. पुढे जीव देण्याचा प्रयत्न, इस्पितळे आणि सावकाश सावरणे.

हे बरेचसे लेखिकेच्या आयुष्यातलेच आहे. १९५३ मध्ये प्लाथ 'मादम्वाझेल' मासिकाच्या पाहुण्या संपादिकांपैकी एक होती. प्रत्यक्षात त्या मुली वीस होत्या, कादंबरीत बारा झाल्या. जानेवारी १९६३ मध्ये लंडनला हे पुस्तक 'व्हिक्टोरिया लुकास' या टोपणनावाने निघाले आणि ११ फेब्रुवारीला, वयाच्या तिसाव्या वर्षी, प्लाथने आयुष्य संपवले. आईचा विरोध असल्याने अमेरिकेत ते १९७१ पर्यंत आले नाही. तेव्हापासून या पुस्तकाकडे मृत्यूपूर्वीची जबानी म्हणून पाहण्याची सवय वाचकांना जडली. कोणते पात्र म्हणजे कोण, याची यादी करणे हा तर अशा आत्मपर कादंबऱ्यांच्या वाचकांचा आवडता उद्योग! त्यात कादंबरी बाजूलाच राहते.

कादंबरी म्हणून पाहिले तर पहिला धक्का निवेदनाच्या सुराचा. दुःखाची कहाणी म्हटली की आपण अश्रूंची तयारी ठेवतो. एस्थर मात्र तिखट, चेष्टेखोर, प्रसंगी दुष्ट आहे. अंजिराच्या झाडाचा प्रसंग पाहा. एकेक अंजीर म्हणजे आयुष्याची एकेक वाट. एक निवडले की बाकीची गेली, म्हणून ती निवडतच नाही आणि सारी फळे वाळून गळतात. हा उतारा पुष्कळांना तोंडपाठ असतो. पण पुढचे कोणी सांगत नाही. थोड्याच वेळात पोटात अन्न गेल्यावर एस्थरला बरे वाटते आणि ते सारे रिकाम्या पोटाचेच खेळ असावेत, असे तिच्या मनात येते. स्वतःच्या प्रतिमेलाही न जुमानणारी ही लेखणी आहे, म्हणूनच तिच्या अंधाराच्या वर्णनावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट आईची. ही आई वाईट नाही. विधवा, कष्टाळू, लघुलेखन शिकवून घर चालवणारी. मुलीनेही लघुलेखन शिकावे, म्हणजे पोटापाण्याचे बघता येईल, एवढेच तिचे म्हणणे. मुलगी डॉक्टरकडे पुन्हा जाणार नाही म्हणते, तेव्हा तिचा चेहरा उजळतो. आता ही बरी व्हायचे मनावर घेणार, असे तिला वाटते. हा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण ही आई मला आपल्याकडच्या अनेक घरांत भेटली आहे. "मनावर घे, सगळं ठीक होईल," "काय कमी आहे तुला?" ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. पण ज्या मनाने मनावर घ्यायचे तेच आजारी आहे, हे त्यांत बसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागातल्या वाचकाने विशेष पाहावी अशी. एस्थरचे आईवडील जर्मनभाषक घरांतले. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलते म्हणून शाळेतल्या मुलांनी आईला दगड मारले होते. आणि एस्थरचे मन जर्मन पुस्तक उघडताच मिटून जाते. दोनचार ओळींचा हा तपशील, पण दोन भाषांत राहणाऱ्याला तो सहज ओलांडता येत नाही. घरची एक भाषा, रस्त्यावरची दुसरी, पदवीची तिसरी, अशी आपली मुले वाढतात. त्यांतली एखादी आतून खचली तर कोणत्या भाषेत सांगेल? 'नैराश्य' हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. आपण म्हणतो, करमत नाही, काही सुचेना, कशात जीव रमेना. मराठीत 'बेजार' म्हणजे हैराण, कन्नडात 'बेजारु' म्हणजे कंटाळा आणि खिन्नताही. एकच शब्द, पण त्याचा अर्थ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच बदलतो. दवाखान्यात तर बहुधा बरोबर आलेला नवरा किंवा भाऊच बोलतो आणि ती गप्प बसते.

कादंबरीतला पहिला डॉक्टर असाच न ऐकणारा. तो विजेचे उपचार देतो, तेही इतके निष्काळजीपणे की ती शिक्षाच वाटावी. कादंबरीच्या आरंभीच रोझेनबर्ग दांपत्याच्या विजेच्या खुर्चीतल्या मृत्युदंडाचा उल्लेख आहे, त्याचा धागा इथे जुळतो. पुढे डॉक्टर नोलान ही स्त्री भेटते. उपचार तोच, पण नीट दिलेला. मुख्य म्हणजे ती ऐकून घेते. आईचा तिरस्कार वाटतो, असे एस्थर म्हणते, तेव्हाही ती दटावत नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता असे विजेचे उपचार करण्यावर बंदी आणली. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते. सोय आहे, पण फोन उचलण्याआधी घरात कोणी तरी ऐकलेले असावे लागते.

कादंबरीत उणिवाही आहेत. इस्पितळातल्या कृष्णवर्णीय सेवकाशी एस्थर जशी वागते आणि लेखिका ते जसे रंगवते, ते आज वाचवत नाही. खासगी इस्पितळाचा खर्च एका श्रीमंत लेखिकेने उचलला नसता तर काय झाले असते, हा प्रश्नही पुरेसा टोकदार होत नाही. आपल्याच यमकनमर्डीत जन्मलेल्या कमल देसाई यांनी 'काळा सूर्य'मध्ये स्त्रीच्या मनातला अंधार प्रतीकांच्या वाटेने गाठला. प्लाथ रोजच्या तपशिलांतून जाते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

शेवटी एस्थर डॉक्टरांच्या मंडळापुढे जाण्यासाठी दार ओलांडते. तिला घरी सोडतील की नाही, हंडी पुन्हा खाली येईल की नाही, काहीच सांगितलेले नाही. लेखिकेचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्याने आपण तिथे काळोख भरतो. पण त्याचे उत्तर पहिल्याच प्रकरणात आहे. न्यूयॉर्कमध्ये भेट मिळालेल्या वस्तूंपैकी एका चष्म्याच्या घरावरचा प्लास्टिकचा तारामासा आपण परवाच बाळाला खेळायला कापून दिला, असे एस्थर जाता जाता सांगते. म्हणजे ती जगली, सावरली, तिच्या घरात मूल आहे, आणि ही सारी हकीकत ती तिथे बसून सांगते आहे. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य हमखास निसटते. पुस्तक हाती घ्याल तेव्हा ते तेवढे शोधा.