किंडलबर्गर यांचा नेतृत्वसिद्धान्त आणि पूर्व आशियातील अरिष्ट

१९२९ ते १९३९ या काळातील जागतिक मंदीवरील आपल्या १९७३ च्या ग्रंथात चार्ल्स किंडलबर्गर यांनी असे प्रतिपादन केले आहे, की मंदी इतकी खोल व दीर्घ झाली ती नेतृत्वाच्या अभावी. ब्रिटनपाशी सामर्थ्य उरले नव्हते, अमेरिकेपाशी इच्छा नव्हती. पडून राहिलेल्या मालाला बाजारपेठ खुली ठेवणे, मंदीत दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविणे आणि आणीबाणीत रोकड देणे, ही जबाबदारी एकाच राष्ट्राने पत्करावी असा त्यांचा आग्रह आहे. हा सिद्धान्त शेजारी राष्ट्रांच्या समूहासही लावला जातो. तेथे तो कितपत टिकतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटचा स्थिर विनिमयदर सोडला आणि अरिष्ट इंडोनेशिया, मलेशिया व दक्षिण कोरियापर्यंत पसरले. सप्टेंबरात जपानने सुमारे १०० अब्ज डॉलरांच्या आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली. इच्छा होती, द्रव्यबळही होते. तरीही योजना बारगळली. अमेरिका व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी विरोध केला. चीनने पाठिंबा दिला नाही. तेव्हा सामर्थ्य व इच्छा यांच्या जोडीस संमती ही तिसरी अट मानावी लागते.

तथापि किंडलबर्गर यांचे निकष निरुपयोगी ठरत नाहीत. १९९८ मध्ये जपान स्वतःच मंदीत असून त्याची आयात घटली होती. मियाझावा योजनेद्वारे ३० अब्ज डॉलर देऊ करणारे हे राष्ट्र शेजाऱ्यांचा माल मात्र पुरेसा घेऊ शकले नाही. ते कार्य बव्हंशी अमेरिकेच्या बाजारपेठेने केले, तर चीनने युआनचे अवमूल्यन टाळून विनिमयदरांची स्पर्धा रोखण्यास हातभार लावला. नेतृत्वाची कार्ये तिघांत विभागली गेली. एकाच नेत्याचा आग्रह येथे सिद्ध होत नाही.

या विभागणीची उणीव पुढे दिसून आली. मे २००० मधील चियांग माई उपक्रमाने शेजाऱ्यांत परस्पर साहाय्याची व्यवस्था निर्माण केली. परंतु साहाय्याच्या मोठ्या भागास नाणेनिधीच्या कार्यक्रमाची अट होती. कर्जदार शेजाऱ्यास अटी घालण्याचा अप्रिय अधिकार स्वतःकडे घेण्यास कोणी राजी नव्हते, हे त्याचे एक कारण. ऑक्टोबर २००८ मध्ये डॉलरांची टंचाई भासताच दक्षिण कोरियाने अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हशी ३० अब्ज डॉलरांचा करार केला. ही व्यवस्था पुढे २४० अब्ज डॉलरांच्या सामायिक निधीत परिणत झाली. चीन (हाँगकाँगसह) व जपान यांचा वाटा प्रत्येकी ३२ टक्के असा काटेकोर समतोल त्यात साधला आहे. पण त्यातून कर्ज आजवर कोणीही उचललेले नाही.

नेत्याने काय द्यावे, हे किंडलबर्गर यांनी मार्मिकपणे सांगितले. शेजाऱ्यास नकार देण्याचा अधिकार त्याला कोणी व का द्यावा, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात गौण राहिला. प्रादेशिक एकीकरणाच्या अभ्यासाने आरंभ तेथूनच करावयास हवा.