अनुगान : साचा, आखणी आणि ‘श्रद्धांजली’

दुसऱ्याच्या नावाने रूढ झालेले गाणे एखाद्या गायकाने पुन्हा गायिले की त्यास पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतव्यवहारात ‘कव्हर’ म्हणतात. या संज्ञेला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ख्यालगायनात बंदिश ही घराण्यांची, किंबहुना सर्वांचीच मिरास असते. ती पुन्हा गाणे हीच तेथील गाण्याची रीत. त्यामुळे पुनर्गायनाचा प्रश्न तेथे प्रश्न म्हणून उभा राहात नाही. तो उभा राहतो ध्वनिमुद्रणानंतर. भारतात 1902 साली गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उमटले आणि शब्द व चाल यांच्या जोडीला विशिष्ट कंठही गाण्याच्या संहितेचा घटक होऊ लागला. चित्रपटगीतात तर तो निर्णायक ठरला. सैगलांचे गाणे म्हणजे केवळ ती चाल नव्हे. सैगलांचा आवाजही त्यात गृहीत असतो. असे गाणे दुसऱ्याने गाणे म्हणजे नेमके काय करणे, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण गावच्या गणेशमूर्तींचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील कारखान्यांत एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात आणि साच्यापुरत्या त्या एकसारख्याच असतात. तरीही मूर्तीचा भाव ठरतो तो अखेरच्या आखणीत, म्हणजे डोळे रेखणाऱ्या हातात. साचा अनेकांचा असला तरी आखणी एकाचीच असते. पुनर्गायनात चाल हा साचा मानला, तर आखणी कोठे झाली आणि कोठे ती टाळली गेली, हे पाहणे हेच समीक्षकाचे काम ठरते.

लता मंगेशकर यांचा ‘श्रद्धांजली’ हा संग्रह 1992 साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. सैगल, पंकज मल्लिक, हेमंतकुमार, मुकेश, मोहम्मद रफी, किशोरकुमार अशा दिवंगतांची गाणी त्यांनी येथे गायिली आहेत. चाली त्याच आहेत. गाण्यांच्या आधी त्या-त्या गायकाविषयी लताबाईंचे निवेदन आहे. या नामावलीत दोन भिन्न नाती आहेत. मुकेश (मृत्यू 1976), रफी (1980), किशोरकुमार (1987) आणि हेमंतकुमार (1989) हे त्यांचे सहगायक. सैगलांशी मात्र त्यांचे नाते श्रोत्याचेच राहिले. 1947 च्या जानेवारीत सैगल वारले. त्यांच्यासोबत गाण्याचा योग आलाच नाही.

हा भेद गाण्यांतही उमटतो. सहगायकांची गाणी गाताना युगुलगीतातला निम्मा वाटा जणू रिकामा राहिला आहे, आणि ती पोकळी सुरेलपणाने भरून काढण्याची धडपड ऐकू येते. सैगलांच्या गाण्यांत ही धडपड नाही. तेथे गायिका आधी ऐकते आणि मग गाते. साठीतल्या कंठाची विरळ झालेली झळाळी तेथे उणीव वाटत नाही. बालपणी ऐकलेल्या गाण्यापर्यंत परत जाण्यास लागलेला काळच तीतून जाणवतो. संग्रहातील आखणी असेल तर ती येथे आहे.

परंतु संग्रहाचे नाव आणि त्यातील निवेदन या आखणीच्या आड येतात. श्रद्धांजली ही तुलना नाकारणारी कृती आहे. दिवंगतांपुढे हात जोडणारा त्यांच्याशी वाद घालत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तसे करू देत नाही. गाणे सुरू होण्यापूर्वीच ते कसे ऐकावे हे सांगितले जाते आणि अन्वयार्थाची वाट अरुंद होते.

याउलट कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे ज्या शीर्षकाखाली गायिली, ते ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे शीर्षक पाहावे. बालवयात तबकड्यांवरील बड्या गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखविणारा हा गायक प्रौढपणी नक्कल कटाक्षाने टाळतो. ‘मला’ या शब्दाने तो अपुरेपणाची कबुली देतो, तसाच स्वतःच्या आकलनाचा हक्कही सांगतो. बालगंधर्व पुरुष असून रुक्मिणी, सिंधू यांच्या भूमिकांतून गात. कुमार त्या भूमिकेविना तीच पदे गातात. पदातला ‘मी’ नाटकातील स्त्रीकडून नटाकडे आणि नटाकडून गवयाकडे असा दोनदा हस्तांतरित होतो. पुरुषांची गाणी स्त्रीकंठात आणताना ‘श्रद्धांजली’लाही अशी संधी होती, तिने ती बव्हंशी घेतली नाही.

पाश्चात्त्य उदाहरण जॉनी कॅश यांचे. 1994 च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’पासून या वृद्ध कंट्री गायकाने इतरांचीही गाणी गायिली. 2002 साली त्यांनी गायिलेले ‘हर्ट’ हे मूळचे एका तरुण रॉक संगीतकाराचे. सत्तरीच्या कंठात त्यातील पश्चात्ताप साऱ्या आयुष्याचा हिशेब झाला. कॅश आपल्याहून तरुणाचे गाणे घेऊन त्याला वय देतात, तर लताबाई पूर्वसूरींकडे जाऊन आपले वय विसरू पाहतात.

या व्यवहाराला ‘अनुगान’ म्हणावे. रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. बोरकर, कुसुमाग्रज आणि शान्ता शेळके यांनीही आणले. त्यांपैकी एकाने दुसऱ्याला रद्द केले नाही, आणि कोणीही कालिदासाची जागा घेतली नाही. अनुवाद म्हणजे मागाहून बोलणे. मागाहून बोलणारा ‘मला असे कळले’ एवढे म्हणू शकला, तरच त्याच्या बोलण्याला अर्थ येतो. हाच निकष अनुगानालाही लागू होतो.

6 फेब्रुवारी 2022 रोजी लताबाई गेल्या आणि श्रद्धांजली वाहणारा कंठ स्वतःच श्रद्धांजलीचा विषय झाला. आता त्यांची गाणी सर्वत्र पुन्हा गायिली जातात आणि बहुधा ‘अगदी तशीच’ या एकाच कसोटीवर गौरविली जातात. ही कसोटी साच्याची आहे. मराठी समीक्षेने लिखित संहितेची चिकित्सा बारकाईने केली. गायिलेली संहिता मात्र बरीचशी स्मरणरंजनाच्या स्वाधीन केली. ‘श्रद्धांजली’तील सैगलांची गाणी आणि इतर गाणी यांत तरतम करणे म्हणजे लताबाईंचा अनादर नव्हे. आदर एवढाच शिल्लक राहिला, तर गाणे उरते पण ऐकणे संपते.