स्त्रियांचे मेदप्रमाण : दशांश स्थळांचा आभास

शारीरिक शिक्षण व गृहविज्ञान या विषयांच्या प्रबंधांत स्त्रियांचे मेदप्रमाण अनेकदा दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले आढळते. ही अचूकता मापनातली नसून गणकयंत्रातली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वारंवार वापरली जाणारी पद्धत ड्यूर्निन व वोमर्स्ली यांची (1974). दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखालचा भाग आणि कमरेच्या हाडावरील भाग येथील त्वचेच्या वळ्या कॅलिपरने मोजून शरीराची घनता काढावयाची आणि सिरी यांच्या 1961 च्या सूत्राने (495 भागिले घनता, वजा 450) तिचे मेदाच्या टक्केवारीत रूपांतर करावयाचे. मूळ अभ्यास ग्लासगोतील 272 स्त्रियांचा होता. त्यांच्यातही अंदाजाची चूक सुमारे 3.5 टक्के होती. शिवाय स्त्रियांच्या शरीरात मेद मांड्या व नितंबांवर विशेषत्वाने साठतो आणि या चार ठिकाणांत मांडी नाही! जॅक्सन, पोलॉक व वॉर्ड यांनी 1980 मध्ये खास स्त्रियांसाठी मांडलेल्या समीकरणात ती आहे. पण त्या स्त्रिया अमेरिकन होत्या.

खरी मेख सिरींच्या सूत्रात आहे. मेदाची घनता 0.9 आणि उर्वरित शरीराची 1.1 असे ते गृहीत धरते. या दुसऱ्या आकड्यामागील प्रत्यक्ष शव-पृथक्करणे अत्यल्प, आणि तीही प्रामुख्याने पुरुषांची. रजोनिवृत्तीनंतर अस्थींतील खनिज घटते. अशा स्त्रीत तो आकडा 1.09 असेल तर काय होईल? शरीराची घनता 1.04 असताना सिरींचे सूत्र 26 टक्के मेद सांगते. नव्या गृहीतकाने तो 22.8 टक्के येतो. तीन टक्क्यांहून अधिक फरक, आणि कॅलिपर धरणाऱ्या हाताची चूक अद्याप मोजलेलीच नाही.

विद्युतरोधावर चालणारी यंत्रे मेद मोजत नाहीत, शरीरातील पाण्यावरून तो अनुमानितात. पाण्याचे प्रमाण बदलले की उत्तरही बदलते. उंची-वजनाच्या निर्देशांकाविषयी एवढेच सांगणे पुरे : याज्ञिक व युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. निर्देशांक दोघांचाही 22.3, मेद मात्र 21.2 आणि 9.1 टक्के.

म्हणूनच आठ आठवड्यांच्या योगाभ्यासाने मेद दीड टक्क्याने घटला, असा निष्कर्ष जपून वाचावा लागतो. त्याच स्त्रीचे पुनर्मापन करताना समीकरणाची चूक काही अंशी कटते हे खरे. परंतु मोजणाऱ्याची चूक राहतेच, आणि ती क्वचितच नोंदविलेली असते. प्रबंधात वळ्यांची बेरीज मिलिमीटरमध्ये द्यावी, मापन कोणी केले व दोन मापनांत किती अंतर पडले हे लिहावे. टक्केवारी द्यावयाचीच तर पूर्णांकात, समीकरणाच्या नावासह.