ऋणाइताची रोजनिशी : परदेशस्थ विद्यार्थ्याच्या लेखनाचा एक विचार

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याने तेथील रोजच्या जगण्याविषयी जे लिहिले, त्याला मराठी समीक्षेत सहसा स्वतंत्र जागा मिळत नाही. त्यातला काही भाग प्रवासवर्णनाच्या खात्यावर जमा होतो, काही चरित्राच्या, काही आत्मकथनाच्या. या वाटणीत या लेखनाचे एक प्रमुख लक्षण दृष्टिआड होते. प्रवासी स्वतःच्या कुतूहलाने पाहतो आणि त्या पाहण्याचा जाब त्याला कोणी विचारत नाही. विद्यार्थी मात्र कोणीतरी पाठवलेला असतो. पती, समाज, संस्थान, शासन, यांपैकी कोणाचे तरी ऋण त्याच्या डोक्यावर असते, आणि खोली, जेवण, थंडी, वर्ग यांविषयी तो जे लिहितो ते बहुधा त्या धनकोला उद्देशून असते. म्हणून हे लेखन ऋणाइताचे लेखन म्हणून वाचावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. तेथील कडक थंडीत नऊवारी नेसणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास आरंभ केला. प्रवासवर्णनात ही एखाद्या ओळीची नोंद झाली असती. गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत मात्र ती समर्थनाची बाब ठरते, कारण पोशाख आणि आहार न बदलण्याच्या निर्धारावर त्यांचे जाणे समाजासमोर उभे होते. नित्याची गोष्ट येथे पुरावा होते. पुढे ही पत्रे वाचकांपर्यंत आली ती प्रामुख्याने इतरांच्या हातून. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ चे, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ चे. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीतच निवर्तल्या होत्या. तेव्हा त्यांच्या दैनंदिनातले काय राहावे आणि काय गळावे, हेही त्यांच्या हाती उरले नाही.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करीत होते. तेथून त्यांनी ‘सुबोध पत्रिके’साठी लेखन केले आणि रोजनिशीही ठेवली. एकाच माणसाच्या या दोन लेखनांत ऋणाचे प्रमाण वेगळे आहे. पत्रिकेचा वाचक हा प्रार्थनासमाजाचा वाचक. त्याच्यापुढे इंग्लंडमधील लोकजीवन बोधाच्या अंगाने मांडावे लागते. रोजनिशीला असा वाचक समोर नसतो. या दोहोंतील अंतर मोजणे हे शैलीच्या अभ्यासकाचे काम आहे. ते केल्यास परदेशातील निरीक्षण म्हणून जे आपण वाचतो त्यात निरीक्षकाचा स्वभाव किती आणि वाचकाची मागणी किती, हे वेगळे करता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत ऋण करारात लिहिलेले होते. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाताना बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचे बंधन त्यांनी स्वीकारले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे लेखन इंग्रजीत आहे, तरी या चर्चेत ते टाळता येत नाही. परदेशातील वर्षांनी अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसून टाकली होती, असे ते तेथे नोंदवतात. आणि १९१७ साली सेवेसाठी बडोद्यास उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो राहावे कोठे हा. जेथे खोली मिळणे नित्याचे होते तो परदेश, आणि जेथे ती मिळेना तो स्वदेश. ज्यांचे ऋण फेडावयास विद्यार्थी परत येतो तेच त्याला निवारा नाकारतात, तेव्हा कोण कोणाचे देणे लागतो याचा विचार वाचकाला मुळापासून करावा लागतो.

गडचिरोलीच्या संदर्भात हा विचार आणखी एका दिशेने वळतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यात दिसून आले. परदेशी शिकलेली मोजण्याची रीत येथे गावाच्या नित्यजीवनाकडे वळली आणि ज्या दुखण्याचा कोठे उच्चार नव्हता त्याला आकडा मिळाला. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात मात्र त्याच परिसरातील स्त्रिया झाडांविषयी बोलतात. शीर्षकाचा शब्दही तिकडचाच, मैत्रीण या अर्थाचा. निबंधात गाव मोजले गेले, पुस्तकात ते ऐकले गेले. धनको म्हणून येथे गाव उभे आहे, हे या दोन्ही लेखनांचे वेगळेपण होय.

आता या वनजिल्ह्यांतील मुलामुलींना शासकीय शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठात जाण्याची वाट उपलब्ध आहे. भामरागड वा एटापल्लीकडील माडिया मुलासाठी घर सोडणे विमानतळावर सुरू होत नाही. ते आश्रमशाळेत सुरू झालेले असते. तेथेच तो प्रथम दुसऱ्याच्या खर्चाने राहतो, दुसऱ्याच्या भाषेत उत्तरे देतो, आणि ती भाषा मराठी असते. अशा विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्याला आज जो साचा तयार मिळतो तो यशोगाथेचा. जंगलातून परदेशात, एवढ्या एका रेषेत त्याचे आयुष्य बसवले जाते. यशोगाथा हा धनकोचा वाङ्मयप्रकार आहे. दिलेले वाया गेले नाही याची ती पावती असते. भाड्याची चिंता, न समजलेले व्याख्यान, एकट्याने रांधलेला भात यांना त्या पावतीत जागा नसते.

त्याच्या घरी मराठी पत्र वाचणारे कोणी असेलच असे नाही. आईशी तो फोनवर माडियात जे बोलतो, त्यात कदाचित त्याची खरी रोजनिशी असते. ते बोलणे मराठी साहित्यात मोडत नाही, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु त्याला मराठी आपण शिकवली, त्याचे लेखनही मराठीत यावे अशी अपेक्षा आपण करतो, आणि ते आल्यावर त्यातून यशोगाथेखेरीज दुसरे काही वाचण्याची तयारी ठेवत नाही. येथे देणे मराठी समीक्षेकडे निघते. या जिल्ह्यांतील पदव्युत्तर वर्गांत आनंदीबाईंची पत्रे, शिंद्यांची रोजनिशी आणि बाबासाहेबांचे ते लेखन एकत्र ठेवून शिकवले, तर निदान त्याची पहिली फेड सुरू होईल.