यादीचे वाङ्मय

राजकीय दबावगटांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सभा, मोर्चे, निवडणुका आणि दंगली यांची नोंद घेतात; त्या गटांच्या लेखनाकडे मात्र क्वचितच वळतात. वस्तुतः असे गट बहुधा आधी छापील पानावर आकार घेतात आणि मग रस्त्यावर येतात. मराठीतील याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मार्मिक’ साप्ताहिक आणि त्यातून उभी राहिलेली शिवसेना. या संघटनेच्या पुढील सत्ताकारणाचा विचार येथे कर्तव्य नाही. तिच्या आरंभकाळात ‘मार्मिक’ने रूढ केलेल्या एका लेखनप्रकाराची चिकित्सा करावी, एवढाच आमचा हेतू आहे. तो प्रकार म्हणजे यादी.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९६० रोजी, ‘मार्मिक’चा पहिला अंक यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते प्रसिद्ध झाला. ‘फ्री प्रेस जर्नल’मधून बाहेर पडलेले व्यंगचित्रकार बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांचे हे साप्ताहिक. राज्य मिळाले, मुंबई मिळाली. परंतु मुंबईतील कचेऱ्यांत मराठी तरुणाला जागा मिळेना, ही त्या काळची खरी वेदना होती, आणि ती बोलून दाखविणाऱ्या पत्राला वाचक लाभला यात नवल नाही. पुढे या पत्रात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतील आस्थापनांमधील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांची नावे ओळीने छापली जाऊ लागली. त्यांतील कित्येक नावे टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेली असत. कालांतराने मथळा बदलून ‘वाचा आणि उठा’ असा झाला. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी पार्कवर तिची पहिली जाहीर सभा भरली.

वाङ्मयप्रकार म्हणून या यादीचे सामर्थ्य कशात होते? आमच्या मते ते तिच्या मौनात होते. तीत विधान नाही, युक्तिवाद नाही, विशेषणही नाही. नावे खरी असल्यामुळे खोटेपणाचा आरोप तिच्यावर करता येत नाही. निष्कर्ष वाचक स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही. परंतु हेच मौन तिचा मोठा दोषही आहे. या नावांपैकी कोण कोणत्या वर्षी लागला, त्याची पात्रता काय, त्या जागेसाठी किती मराठी उमेदवारांनी अर्ज केले, कंपनीचे भांडवल कोणाचे आणि नेमणुका कोणाच्या हाती, यांपैकी एकाही प्रश्नाला यादीत जागा नाही. अन्यायाचे कारण शोधण्याऐवजी ती अन्यायाला एक आडनाव देते.

याच पानांवरील व्यंगचित्रांशी तुलना केल्यास हा दोष अधिक स्पष्ट होतो. बाळ ठाकरे यांची रेषा डेव्हिड लो यांच्या परंपरेतील, जोरकस आणि निर्भय होती. व्यंगचित्र एका माणसाला पकडते. त्याचे नाक, चष्मा, चाल फुगवून दाखविते. त्यात अतिशयोक्ती असते, पण ती त्याच माणसाची असते. यादी नेमके उलट करते. ती माणसाचा चेहरा पुसून टाकते आणि मागे केवळ जात, प्रांत वा भाषा सुचविणारा ध्वनी ठेवते. एकाच साप्ताहिकात ही दोन टोके शेजारी नांदली, हे मराठी पत्रकारितेच्या इतिहासातील एक विलक्षण सत्य आहे.

दुसरी तुलना घरातलीच आहे. संघटनेला नाव देणारे प्रबोधनकार ठाकरे यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ सुरू केले. त्यांची भाषा बोचरी, प्रसंगी अन्यायकारकही. परंतु ते आरोप करीत, पुरावा मांडीत आणि प्रतिपक्षाला उत्तराचे आव्हान देत. आरोपाला उत्तर देता येते. यादीत नाव आलेल्या मनुष्याने उत्तर द्यायचे ते कशाचे? पुढे मुंबईत उडुपी हॉटेलांवर दगड पडले, तेव्हा त्या मालकांपाशीही असेच उत्तर नव्हते.

हा प्रकार केवळ मराठीचा नाही. अमेरिकेत डिसेंबर १९५८ मध्ये मिठाईच्या धंद्यातील उद्योजक रॉबर्ट वेल्च यांनी इंडियानापोलिस येथे अकरा निमंत्रितांपुढे दोन दिवस भाषण करून ‘जॉन बर्च सोसायटी’ स्थापन केली. १९४५ मध्ये चिनी कम्युनिस्टांकडून मारल्या गेलेल्या एका अमेरिकन धर्मप्रचारक-सैनिकाचे नाव तिला दिले होते. अध्यक्ष आयझेनहॉवर हेही कम्युनिस्ट कटाचे हस्तक आहेत, येथपर्यंत वेल्च यांची मजल गेली. त्यांच्या ‘अमेरिकन ओपिनियन’ मासिकात दरवर्षी देशोदेशींचा तक्ता छापला जाई आणि कोणता देश किती टक्के कम्युनिस्टांच्या ताब्यात आहे, हे त्यात आकड्यांनी सांगितलेले असे. मुंबईच्या यादीतली नावे निदान खरी होती, आणि तिच्यामागची बेकारीही खरी होती. येथे आकडे केवळ भयातून आले होते. वाचनाची रीत मात्र एकच: वाचा, आणि कारण न विचारता उठा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की १९६२ मध्ये वेल्च यांच्यावर निर्णायक टीका केली ती उजव्याच विचारांच्या विल्यम बकली यांनी, आपल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’मधून. अशा लेखनाला आवर घालायचा तर तो घरच्याच टीकाकाराने घालावा लागतो.

पेडणे-डिचोलीच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. शिवसेनेच्या स्थापनेनंतर सातच महिन्यांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. आपल्या तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रचारात, मुक्तीनंतर डेप्युटेशनवर बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी हाही एक मुद्दा होता. म्हणजे मुंबईत मराठी माणूस यादीचा वाचक होता, तर पणजीत तोच यादीतले नाव ठरू शकत होता. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाच्या विरोधात होते आणि ते मराठीतच लिहिले जात होते. त्यातील मते आपल्या घराण्यांना मानवली नसतील; परंतु तो युक्तिवाद होता, त्याला उत्तर देता येत होते, आणि तसे वाद झालेही.

नव्या काबिजादींतील या भूमीवर तेरेखोलच्या दोन्ही तीरांना तीच आडनावे आढळतात. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले, त्याआधी आलेला कोण आणि नंतर आलेला कोण, हे आडनावावरून कोणी सांगू शकणार नाही. तरीही ‘भायले’ हा शब्द आज कधी आपल्याविषयी उच्चारला जातो, तर कधी आपणच तो खाणीवरच्या वा बांधकामावरच्या मजुराविषयी उच्चारतो. पहिल्या वेळी तो आपल्याला बोचतो. दुसऱ्या वेळी तो आपल्या ध्यानातही येत नाही.

‘मार्मिक’च्या त्या पानांना मराठी वाङ्मयेतिहासात स्थान द्यावेच लागेल, कारण त्यांनी एका पिढीचे वाचन घडविले. मात्र ते स्थान देताना समीक्षकाने आपले काम सोडू नये. ज्या लेखनाला प्रत्युत्तर संभवत नाही, त्याला आम्ही प्रभावी म्हणू, परंतु थोर म्हणणार नाही. मराठीने तुकोबांपासून आगरकरांपर्यंत भांडण्याची जी रीत शिकविली, तीत समोरच्याला तोंड असते. ते तोंड मिटविणारी ओळ कोणत्याही पक्षाची, कोणत्याही भाषेची असो, तिच्यापुढे थांबून ‘या नावापुढे माणूस कोण?’ असे विचारणे, हे आपल्यासारख्या, दोन्ही बाजूंच्या याद्यांत बसू शकणाऱ्या वाचकांचे विशेष कर्तव्य आहे.