मोकळ्या खुर्च्यांचा हिशेब

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारतीय फुटबॉल संघाने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. सुनील छेत्रीने तीन गोल केले. पाहायला अधिकृत नोंदीनुसार २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमावरून विनवणी केली : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली आणि लोक पावसात बसून राहिले.

‘खेळ चांगला असला की लोक आपोआप येतात, जाहिरात कशाला?’ असे आपल्याकडे ठामपणे म्हटले जाते. अंधेरीचे हे तीन दिवस त्या मताला छेद देतात. संघ तोच, मैदान तेच. पाच गोल झाले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. मात्र यावरून जाहिरातीचा जयजयकार करणेही घाईचे ठरेल. तो छेत्रीचा शंभरावा सामना होता आणि कोहली-तेंडुलकरांनीही लोकांना साद घातली होती. शिवाय ती विनवणी विकत घेतलेली नव्हती. तुम्ही आला नाहीत हे आमच्या लक्षात आले, एवढेच एक खेळाडू सांगत होता.

आता कबड्डीकडे पाहू. घाटकोपर, भांडुप, जोगेश्वरीच्या मंडळांचे लाल मातीतले सामने मी लहानपणापासून पाहत आलो. प्रचार म्हणजे नाक्यावरचा खडूने लिहिलेला फळा आणि एक कर्णा. तरी माणसे भिंतींवर चढून बसत, कारण चढाई करणारा पोरगा कुणाच्या तरी चाळीतला असे.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीत यू मुंबा आणि जयपूर यांच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या हंगामाला दूरचित्रवाणीवर सुमारे ४३.५ कोटी प्रेक्षक लाभल्याची आकडेवारी प्रसिद्ध झाली. हे सारे जाहिरातीचे यश मानले जाते. मला ते अर्धेच पटते. चढाईला ३० सेकंदांचे बंधन, संध्याकाळची वेळ, जवळून टिपणारे कॅमेरे : नवख्यालाही कळेल अशी मांडणी जाहिरातीच्या जोडीला होती. आणि ज्यांनी शाळेत कबड्डी खेळली होती असा मोठा वर्ग घरोघरी बसलेला होता. नव्या खेळाच्या लीगला हे भांडवल आयते मिळत नाही.

म्हणून माझे उत्तर असे : जाहिरात हवीच, कारण सामना आहे हेच माहीत नसेल तर येणार कोण? पण ती माणसाला एकदा फाटकापर्यंत आणते. दुसऱ्यांदा तो येतो ते आपल्या माणसासाठी.

पडद्यावरचे कोट्यवधी आणि मैदानातले हजार हे वेगळे हिशेब आहेत, हेही विसरू नये. लीगचा सामना असला की आमच्या मंडळाच्या स्पर्धेत बाके रिकामी राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. लीगने फलकांवरच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवावा. उपनगरांत सराव सामने खेळवावेत. निवेदकाने खेळाडूच्या बोलीच्या रकमेआधी त्याच्या मंडळाचे नाव घ्यावे. आमचा कर्णेवाला ते न चुकता घेत असे.