हिवाळ्यातील लोफोटेन : निसर्गछायाचित्रणातील निर्मनुष्यतेची चिकित्सा

प्रास्ताविक

छायाचित्रकलेच्या समीक्षेत व्यक्तिचित्रण आणि वृत्तछायाचित्रण यांची चर्चा बऱ्यापैकी होते. निसर्गछायाचित्र मात्र 'सुंदर' एवढे म्हणून सोडून दिले जाते. सौंदर्य हे जणू चिकित्सेच्या पलीकडचे असावे, असा हा संकेत आहे. प्रस्तुत लेखात नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील लोफोटेन द्वीपसमूहात हिवाळ्यात होणाऱ्या छायाचित्रणसहली आणि त्यांतून रूढ झालेली चित्रशैली यांचा विचार केला आहे. या शैलीचे कलागुण नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, जो हंगाम तेथील वर्षातला सर्वांत गजबजलेला हंगाम असतो, त्याच हंगामात काढलेल्या या चित्रांत माणूस का दिसत नाही?

प्रकाश आणि चौकट

लोफोटेन आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस, सुमारे ६८ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या पूर्वार्धापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही. त्यानंतर तो येतो, पण फार वर चढत नाही. फेब्रुवारीतील दुपारही त्यामुळे सकाळ-संध्याकाळसारखी तिरप्या उन्हाची असते आणि संधिप्रकाशाचा निळा काळ लांबत जातो. उष्ण प्रदेशात छायाचित्रकाराला जो प्रकाश काही मिनिटे मिळतो, तो येथे कित्येक तास मिळतो. समुद्रातून सरळ उभे राहिलेले कडे, त्यांवरील बर्फ आणि हा प्रकाश यांचे आकर्षण छायाचित्रकारांना वाटावे, हे स्वाभाविकच आहे. रात्री ध्रुवीय प्रकाशाची जोड मिळते. वातावरणाच्या वरच्या थरातील प्राणवायूच्या अणूंमुळे त्याला हिरवा रंग येतो. कॅमेरा हा प्रकाश काही सेकंद साठवीत राहतो, म्हणून चित्रातील हिरवा रंग डोळ्यांना दिसलेल्या रंगापेक्षा बहुधा अधिक गडद असतो. चित्र हे पाहिलेल्या दृश्याची नोंद नसून साठवलेल्या प्रकाशाची नोंद आहे, हे येथे विसरता येत नाही.

या सहलींचे मार्ग आता ठरून गेले आहेत. हाम्नोयचा पूल, रेने, साक्रिसोयची पिवळी घरे, उट्टाक्लाइव आणि हाउक्लांडचे किनारे. हाम्नोयच्या पुलावरून दिसणारे दृश्य तर या शैलीचा नमुनाच म्हणता येईल. पुढे पाणी, मध्ये खडकावर खांबांच्या आधाराने उभी असलेली लाल घरे, मागे फेस्टहेल्टिंडेन हा सुळका. पुलावर ट्रायपॉड शेजारी शेजारी उभे राहतात आणि जवळजवळ एकच चित्र अनेक कॅमेऱ्यांत उतरते. सुसान सोंटाग यांनी १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी' या ग्रंथात पर्यटन आणि छायाचित्रण यांच्या एकत्रित वाढीची जी मीमांसा केली, तिला याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण आहे.

तथापि पुनरावृत्ती हा येथील मुख्य दोष नव्हे. पुनरावृत्ती शास्त्रीय संगीतातही असते. मुख्य बाब तंत्राची आहे. भिंगावर काळसर फिल्टर लावून उघडझाप अनेक सेकंदांपर्यंत लांबवली की लाटा नाहीशा होतात आणि समुद्र दुधाच्या सायीसारखा सपाट दिसतो. या अवधीत मच्छीमार बोट चौकटीतून गेली तर तिचा केवळ पुसट पट्टा उमटतो, आणि तो 'बिघाड' ठरतो. म्हणून बोट जाईपर्यंत थांबायचे, हा नियम होतो. जे हलते ते नको, असे तंत्रच ठरवते. बंदरात हलणाऱ्या गोष्टी कोणत्या? बोटी, दोर, मासे आणि माणसे.

चौकटीबाहेरचा हंगाम

जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालण्यासाठी दक्षिणेकडे येतो. या प्रवासी कॉडला नॉर्वेत 'स्क्राइ' म्हणतात. लोफोटेन आणि मुख्य भूमी यांच्यामधील वेस्टफियोर्ड हे त्याचे मोठे प्रजननक्षेत्र. मध्ययुगापासून उत्तर किनाऱ्यावरचे लोक या काळात येथे येत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका हंगामातील मच्छीमारांची संख्या ३०,००० च्या वर गेली होती. यांत्रिक बोटी आल्यावर ती पुष्कळच घटली. पण हंगाम आजही आहे आणि तो नेमका छायाचित्रणसहलींच्याच महिन्यांत येतो.

पकडलेला मासा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत 'येल' नावाच्या लाकडी मांडवांवर मीठ न लावता वाळवतात. वेसावे-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक असा की, येथे ऊन नव्हे तर थंड वारा मासा वाळवतो. त्यासाठी तापमान शून्याच्या आसपास रेंगाळावे लागते. फार गोठले तर मांसाचे धागे फुटतात आणि उबारा आला तर माश्या बसतात. उबदार सागरी प्रवाहामुळे लोफोटेनचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंशाच्या जवळच राहते व बंदरे गोठत नाहीत. सहलींच्या वर्णनांत मात्र भर असतो तो गारठलेल्या बोटांवर आणि लवकर उतरणाऱ्या बॅटऱ्यांवर. बोचरा वारा खरा आहे, त्याविषयी शंका नाही. पण 'टोकाची थंडी' हे या भूमीचे वैशिष्ट्य नसून, या अक्षांशावर थंडी इतकी कमी असणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. तेथील अर्थव्यवहार त्यावरच उभा राहिला. वाळलेला कॉड प्रामुख्याने इटलीत जातो आणि त्याची डोकी नायजेरियात. बर्फाळ एकांताच्या चित्रात या व्यापाराचा मागमूस नसतो.

लाल घरांची गोष्टही अशीच आहे. 'रोर्बू' या शब्दात वल्हवणे आणि निवास असे दोन अर्थ जोडलेले आहेत. वल्हवत आलेल्या मच्छीमारांचा तो हंगामी निवारा होता. एका खोलीत अनेक माणसे, ओले कपडे, आमिषाचा वास असे तेथील जीवन होते. अनेक ठिकाणी घाट, निवारे आणि मासळीची खरेदी हे सारे एकाच मालकाच्या हाती असे. घर त्याचे आणि मासळीचा भावही त्याचाच, अशी ही व्यवस्था होती. १९३८ च्या कच्च्या मासळीविषयक कायद्याने भाव ठरविण्याचा अधिकार मच्छीमारांच्या विक्री संघटनेकडे आला. आज यांतील बरीच घरे पर्यटकांना भाड्याने दिली जातात. चित्रातील लाल ठिपका म्हणजे मुळात कष्टाचा आणि कर्जाचा पत्ता होता, हे चित्र पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

दुसरी परंपरा

माणूस वगळणे हा उत्तरेच्या दृश्यकलेचा अपरिहार्य धर्म आहे, असेही नाही. १८३२ मध्ये उत्तरेचा प्रवास करणाऱ्या पेदर बाल्के या चित्रकाराने वादळी समुद्र आणि काळे कडे रंगवले आणि उदात्ततेची एक परंपरा दृढ केली. आजचे छायाचित्रकार कळत-नकळत तिचेच वारस आहेत. मात्र बाल्केच्या समुद्रात वादळाशी झुंजणारी गलबते वारंवार येतात. माणूस तेथे लहान आहे, नाहीसा नाही.

स्वोल्वेरचा गुन्नार बर्ग (१८६३–१८९३) तर याच भूमीत जन्मला. १८९० च्या मार्चमध्ये वाफेच्या बोटींनी मासळीने भरलेल्या ट्रोलफियोर्डचे तोंड अडवले आणि उघड्या होड्यांतील मच्छीमारांनी त्यांच्याविरुद्ध संघर्ष केला. बर्गने तो प्रसंग मोठ्या चित्रात रंगवला. फियोर्डचे उभे कडे त्यात आहेतच. परंतु ते संघर्षाची पार्श्वभूमी म्हणून येतात. आज स्वोल्वेरहून लहान बोटी छायाचित्रकारांना त्याच फियोर्डमध्ये समुद्री गरुड दाखवायला नेतात आणि परत येणाऱ्या चित्रांत फक्त कडा, पाणी व पक्षी असतात. जागा तीच, पण तिचा इतिहास गळून पडलेला.

छायाचित्रणातही वेगळा मार्ग होता. अमेरिकेतून १९०० मध्ये नॉर्वेत परतलेल्या आन्डर्स बीर विल्से यांनी निसर्गदृश्यांबरोबर लोफोटेनच्या मासेमारीचीही छायाचित्रे काढली. हामरफेस्टचे कोरे किवियार्वी (१९३८–१९९१) यांचे उदाहरण त्याहून महत्त्वाचे आहे. जर्मनीत ओटो स्टाइनर्ट यांच्याकडे शिकलेल्या या छायाचित्रकाराने उत्तरेतील माणसे, समुद्र आणि मासेमारी कृष्णधवल चित्रांत आणली. १९७१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय शरदप्रदर्शनात छायाचित्रे स्वीकारली गेलेले ते पहिले छायाचित्रकार. त्यांच्या चित्रांत हवामान जितके कठोर, तितकीच माणसाची उपस्थिती ठाम. छायाचित्राला कला म्हणून मान्यता मिळवून देणारी ही चित्रे निर्मनुष्य नव्हती, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी.

यावर असे म्हणता येईल की, निवड हा कलेचा हक्क आहे. निसर्गचित्राकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. एखादे चित्र माणसाविना पूर्ण असू शकते. पण हजारो चित्रे एकच वगळणूक करू लागतात तेव्हा ती निवड राहत नाही, ती समजूत होते; आणि समजुतीचे परिणाम भूमीवर होतात. पाहुणे चित्रातले गाव शोधत येतात, आणि राहण्याजोगे घर पाहुण्यांसाठी राखणे मालकाला अधिक किफायतशीर ठरू लागते.

ईशान्य आर्क्टिक कॉडसाठी २०२५ चा एकूण कोटा ३,४०,००० टन ठरवण्यात आला. १९९१ नंतरचा तो सर्वांत कमी कोटा होता. हाम्नोयच्या पुलावरून काढलेल्या चित्रात ही घट दिसण्यास कोठेच जागा नाही. मासळी वाळवण्याचे मांडव या शैलीत येतात, पण ते भूमितीय आकृती म्हणून, बर्फावर पडलेल्या रेघांच्या सावल्यांसाठी. असा मांडव रिकामा दिसला, तर हंगाम अजून सुरू झालेला नाही म्हणून तो रिकामा आहे की मासाच आलेला नाही म्हणून, हे ते चित्र सांगत नाही.